तारेला लावलेले कागद

पहिली चूक मी उन्हात केली.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. आंजर्ल्याच्या घराची निम्मी कौलं उडाली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक तीन आठवडे पावसात भिजत राहिली. लॉकडाऊनमध्ये ई-पास काढून मी पुण्याहून पोचले, तेव्हा वाडीतल्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडून पडल्या होत्या आणि ट्रंकेत अल्बमांचा लगदा होता. नशिबाने दोन दिवस उघडीप मिळाली. कुरडया वाळत घालाव्यात तसे मी सगळे फोटो खळ्यात चादरीवर पसरले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सुरळ्या झाल्या. दोन फोटोंवरचं चित्र सुटून चादरीलाच चिकटून आलं. एक आईच्या मंगळागौरीचा होता. दुसरा कोणाचा, ते कळायला आता मार्ग नाही.

जुन्या पोथ्यांच्या जतनाचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीला फोन लावला. तिने आधी शिव्या घातल्या, मग शिकवलं. चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत. परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन त्यात ठेवायचे, आपोआप सुटू द्यायचे. मग सावलीत, चित्राची बाजू वर करून, सुती कापडावर वाळवायचे. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच ठेवायचा आणि वरूनच त्याचा फोटो काढायचा. "आणि लगेच जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाक," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, इथे विजेचे खांब आडवे पडलेत. फ्रीजरचं काय घेऊन बसलीस!"

दोनशेपैकी दीडशे फोटो तरी वाचले असतील. ते बघताना मात्र वेगळीच हळहळ वाटली. लग्नं, मुंजी, साठीशांती, आणि खुर्चीत बसवून काढलेले आजोबांचे शेवटचे फोटो. मी लहानपणी पाहिलेलं रोजचं घर त्यात कुठेच नव्हतं. पोफळींना शिंपणं नाही, सुपारी सोलायला बसलेल्या बायका नाहीत, खाडी ओलांडून हर्णैला नेणारी तरीची होडी नाही. साहजिक आहे म्हणा. मामाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलचे बारा फोटो निघायचे. त्यातला एक सुपारी सोलण्यावर कोण घालवेल?

मग मी फोटोंच्या कडा बघायला लागले. मावशीच्या लग्नात विहिणींच्या रांगेमागे डाव्या कोपऱ्यात विहिरीचं पाणी पायाने चालवून काढायचा आमचा पायरहाट आहे. त्यावर एक पोरगा बसलाय, कॅमेऱ्याकडे न बघता स्वतःच्या पावलांकडे बघतोय. लग्न असलं तरी वाडीला पाणी द्यायलाच हवं होतं. दुसऱ्या एका फोटोत चुलतमामा नव्या सुटात किनाऱ्यावर उभा आहे, आणि त्याच्या खांद्यामागे पाण्यावर एक काळा ठिपका. ती आगबोट. हर्णैला ती धक्क्याला लागायची नाही. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. लाटेवर पडाव वर आला की तेवढ्यात शिडी धरायची. तिथपर्यंत जातानाच निम्म्यांना बोट लागलेली असायची. हे ऐकीव पुष्कळ होतं, पण घरातला पुरावा तेवढा एक ठिपका.

त्या ठिपक्यामुळे मी दुसऱ्यांच्या घरी जायला लागले.

सुरुवात साफ फसली. "तुमच्याकडे जुन्या वस्तू आहेत का हो?" असं विचारलं की समोरचा माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. एकाने सरळच विचारलं, "पितळ घेता की लाकूड?" आमच्याकडे समया, हंडे आणि नक्षीचे खांब विकत घेत फिरणारे व्यापारी नेहमीचे. मी त्यांच्यातलीच वाटले. माहेरवाशीण असून!

हळूहळू प्रश्न बदलला. आता मी विचारते, "कागद कुठे ठेवायचात?" यावर सगळे हसतात आणि तारेकडे बोट दाखवतात. खाली लाकडाची चकती, वर आकडा, आणि मधे पत्रं, पावत्या, शेतसाऱ्याचे कागद असं सगळं टोचून ठेवलेलं. बऱ्याच घरांत तार अजून खुंटीला आहे, उतरवायचं कोणाला सुचलेलं नाही. फडताळात अंथरलेली जुन्या कालनिर्णयची पानंही सोडू नयेत. त्यांवर "दूध नाही", "गडी ३", "गाय फळली" असं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. हर्णैच्या एका घरात प्रत्येक तारखेपुढे भरतीची वेळ होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आमच्याकडचा जुना हिशेब. तसं करून बघितलं, तर जवळपास बरोबर.

त्याच गल्लीतल्या एका चाचींकडे कागद नव्हते, कॅसेटी होत्या. चाचा आखातात होते तेव्हा पत्राऐवजी बोलून पाठवायचे. टेप ओढून तुटायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ, असं म्हटल्यावर त्या तयार झाल्या. पण म्हणाल्या, "उतरव, ऐकू नको." मी टेप जोडला, आवाज बंद केला आणि बाहेर ओटीवर जाऊन बसले. चाळीस मिनिटांनी बाजू उलटायला आत गेले, एवढंच. त्या कॅसेटींत काय आहे ते मला माहीत नाही.

एक फोटो माझ्याकडे आहे, पण तो मी दाखवत नाही. लग्नाची पंगत, केळीची पानं, आग्रह करणारे यजमान. आणि कडेला, खळ्याच्या गडग्यापलीकडे, जमिनीवर बसून वाट बघणारी सात-आठ माणसं. ती कोण आणि तिथे का बसलीत, हे सांगायची गरज नाही. त्या घरातल्या दादांनी तो फोटो तीनदा हातात घेतला, तीनदा खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "तुमच्याकडे ठेवा. आम्ही आहोत तोवर कुठे लावू नका." शब्द दिलाय, तो पाळते. फाडून टाकला नाही, हेही त्यांचं मोठेपण मानते.

आता मूळ फोटो घराबाहेर नेत नाही. एकदा नेला होता. पुण्यातल्या एका दुकानात "स्वच्छ प्रत" काढायला दिला. त्यांनी इतका स्वच्छ केला की म्हातारीमागे मांडवावर सुकत घातलेले बोंबील गेले आणि तिथे निळं आभाळ आलं! मूळ प्रत हातात होती म्हणून निभावलं. तेव्हापासून छोटा स्कॅनर सोबत असतो. त्याच घरात, त्याच ओटीवर, ६०० डीपीआयला स्कॅन करते. मागे बॉलपेनने लिहीत नाही, ते पुढे उमटतं. मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने लिहिते. साल विचारलं की कोणी सांगत नाही. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ही पोटात होती," असं सांगतात. म्हणजे १९६७ चा डिसेंबर. माझं काम झालं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका आजींच्या तारेपाशी. त्यांचे यजमान मुंबईत गिरणीत होते. तारेवर मनीऑर्डरची कुपनं होती. फॉर्मच्या खालच्या बाजूला निरोपापुरती जागा असायची, तेवढा तुकडा पोस्टमन पैशांबरोबर घरी द्यायचा. नवऱ्याने दर महिन्याला त्या चार बोटं जागेत संसार चालवला होता. "गवताचे १० वेगळे ठेव." "बाळूला चप्पल घे, मोठी घे." "आईचं औषध बंद करू नको." एकावर फक्त "पाऊस कसा आहे" एवढंच. पोस्टाचे शिक्के बघत मी ती ओळीने लावत गेले आणि १९८२ च्या जानेवारीत येऊन थांबले. पुढचं कुपन नव्हतं.

"हरवली का हो पुढची?" मी विचारलं.

"हरवत्येत कशाला? संप झाला ना. मग पैसे नाय आले, माणूस आला." आजी हसल्या. "शिमग्याला आले ते ऱ्हायलेच. मग बोटीवर जायला लागले. समोर बसून सांगायचे काय सांगायचं ते."

तार मला द्या, नीट जपून ठेवते, असं मी बोलून गेले. जुन्या पद्धतीची कागदी मनीऑर्डर २०१५ मध्येच बंद झाली, हे कागद दुर्मीळ आहेत वगैरे सगळं सांगून झालं. आजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोटू काढ हवे तेवढे."

सगळी कुपनं स्कॅन करून झाली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. ती रबरबँड लावून द्यावीत म्हणून मी गठ्ठा केला, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. दिवा लावायला सांगितलं, तार मांडीवर आडवी धरली, आणि एकेक कुपन त्याच्या त्याच गंजलेल्या भोकातून परत ओवायला बसल्या. एखादं मागेपुढे झालं की काढून परत लावायच्या. वाचता येत नाही त्यांना. मी विचारलं, मग ओळीने कशी लागतात? त्यांनी मान वर केली नाही. माझी शेवटची एसटी चुकली.