सलगम, सफरचंद आणि तीन बशा

२०२४ची दिवाळी ताईकडे झाली. ती राहते डब्लिनला लागून असलेल्या लुकनमध्ये. तिकीट काढताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की त्या वर्षी नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी येतेय. नऊ वर्षांच्या भाचीच्या मात्र ते पक्कं लक्षात होतं. विमानतळावर गळ्यात पडून तिनं जाहीर केलं, "मावशी, सकाळी उटणं, संध्याकाळी चेटकीण!"

हॅलोविन म्हणजे अमेरिकेचं खूळ, असंच मी धरून चालले होते. मॉलमध्ये लटकणारे प्लास्टिकचे कोळी आणि भोपळे, एवढीच काय ती ओळख. पण या सणाचं माहेर आयर्लंड. सुगी संपून हिवाळ्याचा अंधार सुरू व्हायच्या वेळचा 'साउइन' हा इथला जुना सण, आणि आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावसुद्धा तेच. त्या आठवड्यात शाळांनाही सुट्टी. म्हणून धनत्रयोदशीला सकाळीच गाडी काढून आम्ही पार पश्चिमेला, कॅसलबारजवळच्या टरलॉला गेलो. तिथे खेड्यातल्या जुन्या जगण्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तेही फुकट.

तिथे मला एक सलगम भेटला. कोरून हॅलोविनचा कंदील केलेला, गालफडं बसलेला, दात विचकलेला. एखाद्या खाष्ट म्हाताऱ्याचं वाळकं मुंडकं वाटावं असा. सहा वर्षांचा भाचा माझ्या जाकिटामागे गेला तो बाहेर यायलाच तयार होईना. डोनेगलमधल्या फिन्टाउन गावच्या एका शिक्षिकेनं १९४३ साली हा कंदील संग्रहालयाला दिला, कारण तसे कंदील आता कुणी करत नाही असं तिला वाटलं. मूळ सलगम चुरा व्हायला लागला, म्हणून त्याची प्लास्टरची प्रतिकृती करून ठेवलीय. इथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिकडे भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडला.

का मागे पडला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. भाचीनं हट्टानं एक आणायला लावला. इथले लोक ज्याला 'टर्निप' म्हणतात तो आपला छोटा पांढरा सलगम नव्हे. चांगला नारळाएवढा, बाहेरून जांभळट, आतून पिवळा आणि दगडासारखा. वरची टोपी कापताना भावजींना घाम फुटला. मग आतला गर काढायचा. ताईनं पुण्याहून नेलेला स्टीलचा जाड चमचा पहिल्या पाच मिनिटांत वाकला. शेवटी सुरीनं आडव्या-उभ्या चिरा पाडून खरवडायचं तंत्र जमलं. दोन तास लागले, एक डोळा मोठा झाला आणि आत मेणबत्ती लावल्यावर घरभर जळक्या मुळ्याचा वास सुटला. गराची ताईनं थालीपिठं लावली. ती मात्र झकास झाली.

३१ला पहाटे अभ्यंगस्नान. कारीट कुठलं मिळायला, भाच्यानं अंगठ्याखाली चेरी टोमॅटो फोडला आणि त्याच्या बिया पार भिंतीपर्यंत उडवल्या. पाच वाजता सूर्य मावळला. दारात आकाशकंदील, त्याच्याखाली आमचा काणा सलगम. फटाके उडवायला इथे लोकांना कायद्यानं बंदी आहे, तरी चहूकडून आवाज येत होते. सणाची ही बाजू मला फारच ओळखीची वाटली.

पार्टी पलीकडच्या आजीबाईंच्या गॅरेजमध्ये. ऐंशीच्या पुढच्या असतील, पण गल्लीतली सगळी पोरं त्यांची. आधी टॉयलेट पेपर गुंडाळून ममी करायची शर्यत वगैरे झाली. ते कुठेही असतं, सोडून देते. मग आजीबाईंनी आपले खेळ काढले.

तुळईला सुतळी, सुतळीला सफरचंद, पोरांच्या तोंडाच्या उंचीवर. हात पाठीमागे बांधून घ्यायचे आणि नुसत्या दातांनी चावा घ्यायचा. ऐकायला सोपं. पण ओठ लागला की सफरचंद पुढे पळतं आणि परत येऊन नाकावर आदळतं. भाची दात लावायला जायची आणि ते गोल फिरून तिच्या कानावर बसायचं. शेवटी एका ड्रॅक्युलानं ते खांद्याशी दाबून धरून चावलं. ही लबाडी की अक्कल, यावर दहा मिनिटं भांडण झालं. या खेळावरून हॅलोविनच्या रात्रीला 'स्नॅप ॲपल नाइट' असंही नाव पडलंय आणि डॅनियल मक्लीस या चित्रकारानं १८३३ साली त्याच नावाचं मोठं चित्र काढलंय.

पाण्यात तरंगणारी सफरचंदं तोंडानं पकडायचा खेळही झाला. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच घमेलं असायचं, आता ज्याचं त्याचं वेगळं. देठ धरायचा, नाहीतर डोकं बुडवून फळ तळाला दाबायचं. भाच्याचा चेहऱ्यावर रंगवलेला वाघ पाण्यात उतरला आणि काठावर नुसतं पिवळं पोरगं उरलं.

बक्षीस म्हणून भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा! मला हसूच आलं. आजीबाई लहान असताना पोरं दारोदार फिरून 'हेल्प द हॅलोविन पार्टी' असं ओरडायची आणि झोळीत सफरचंदं, शेंगा पडायच्या. चॉकलेटं नंतर आली.

मग बार्मब्रॅक कापला. हा मनुका घातलेला गोडसर पाव. त्यात कागदात गुंडाळलेली अंगठी असते, जिला मिळेल तिचं वर्षभरात लग्न. ती नेमकी भाच्याच्या तुकड्यात निघाली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या आणि हा भोकाड पसरून बसला, "मला नाही करायचं लग्न!"

शेवटचा खेळ बशांचा. डोळे बांधायचे, बशा सरकवून जागा बदलायच्या, आणि हात पडेल ते नशीब. अंगठी म्हणजे लग्न, नाणं म्हणजे पैसा, पाणी म्हणजे समुद्रापार जाणं. पूर्वी मातीचीही बशी असायची. माती लागली तर वर्षात मरण. ती आजीबाईंनी पोरांसाठी काढून टाकली होती. १९३७ ते १९३९मध्ये आयर्लंडभरच्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्यांमध्ये लोककथा लिहून काढल्या, त्यांतही असले खेळ आहेत.

माझा हात पाण्यात पडला. सगळे हसले, माझं परतीचं तिकीट तर काढलेलंच होतं. आजीबाई म्हणाल्या, आमच्या घरी सात भावंडं, आणि पाच जणांचा हात पाण्यात. कुणी बॉस्टन, कुणी लिव्हरपूल.

मग भाचीनं ताईलाही बसवलं. तिचे डोळे बांधले, बशा फिरवल्या. ताईनं हात पुढे केला आणि बोटं थेट पाण्यात.

"बशीला उशीर झाला," ताई मराठीत म्हणाली. "मी केव्हाच आलेय."

काय म्हणाली, म्हणून आजीबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, काही बोलल्या नाहीत, आणि ताईपुढे हात पुसायला टॉवेल धरला.