हँडलवरचा मोबाईल आणि सोलापूरचं ऊन
आज सात रस्त्यावर बघावं त्या गाडीच्या हँडलला मोबाईल. पारा चाळिशीपार, आणि आयफोन वापरायची अ‍ॅपलने सांगितलेली मर्यादा ३५ अंश! उन्हात आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं. हा बिघाड नव्हे, बॅटरी वाचवायची सोय आहे. खरा धोका कॅमेऱ्याला. ओआयएसमधली, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या सोयीतली, लेन्स चुंबकांच्या जोरावर हलती असते. इंजिनाची थरथर सतत लागली की फोटो हललेले, फोकस भरकटलेला. स्कूटरला त्रास कमी, मोठ्या बुलेटला जास्त. रोज अक्कलकोट-तुळजापूर करणाऱ्यांनी कंपन शोषणारा माउंट लावावाच. त्याहून बरं, घरात पडलेला जुना फोन जीपीएस करून टाका: नकाशे वायफायवर ऑफलाइन उतरवले की रस्ता बघायला सिमही लागत नाही.