फरच्या सालीखालचा सोनेरी केसांचा भुंगेरा

आज जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या जंगलात वाळत चाललेल्या एका सिल्व्हर फर या सूचिपर्णी झाडाची सैल झालेली साल उचलली आणि आत भुंगेऱ्यांनी कोरलेली रेषा पाहून तिथेच थांबलो. स्प्रूस हे दुसरे सूचिपर्णी झाड पोखरणाऱ्या नेहमीच्या भुंगेऱ्याचे मुख्य बोगदे खोडाच्या उभ्या दिशेने जातात. येथे मात्र मधल्या मीलनकक्षातून निघालेले बोगदे खोडाला आडवे, महिरपी कंसासारखे पसरले होते. हे बोगदे कोरणाऱ्या जातीचा नर एकाहून अधिक माद्यांशी जुळतो आणि प्रत्येक मादी आपला बोगदा स्वतः कोरते.

जेमतेम ३ मिलिमीटर लांबीची तपकिरी मादी भिंगाखाली धरली, तेव्हा तिच्या कपाळावर सोनेरी-पिवळ्या केसांचा दाट झुबका दिसला. शेजारच्या नराच्या पंखकवचांच्या मागच्या उतारावर आकड्यांसारखे वाकलेले दात होते. या भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव पिटिओक्टाइनस कर्विडेन्स. कीटकशास्त्रज्ञ गेर्मार यांनी १८२४ मध्ये दिलेल्या ‘कर्विडेन्स’ या नावाचा अर्थच ‘वाकड्या दातांचा’ असा आहे. त्याची भाऊबंद जात स्पिनिडेन्स ताऱ्यासारखे बोगदे कोरते, म्हणून कीटक आणि कोरीव रेषा दोन्ही पाहिल्याशिवाय नाव लिहू नये, असे माझे मत आहे.

पाण्याच्या ताणाने दुबळे झालेले झाड हा भुंगेरा आधी गाठतो. या फरचा शेंडा तांबूस झाला होता, आणि ते पाहून मनापासून वाईट वाटले.