उपटू नका, धुऊन काढा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आठवणी लिहाव्यात अशी रीत आहे. माझ्या वाट्याचं पान मी मुळांच्या पाठाला देतो. सोटमूळ आणि तंतुमूळ या दोन आकृत्या वहीत सगळ्यांच्या सुबक असतात, पण खरं मूळ हातात धरलं की मुलं गोंधळतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, रोप उपटलेलं असतं.

पाऊस लागला की ठाण्यात मैदानाच्या कडेने टाकळा उगवतो. त्याचं एक रोप आणि शेजारच्या गवताचा एक ठोंब, एवढं साहित्य पुरतं. हिसका देऊन ओढलं तर टोक आणि बारीक फाटे जमिनीतच राहतात, हातात नुसती काडी येते. त्यापेक्षा रोपाभोवती अर्धी वीत सोडून खुरप्याने गोल कापा, वीतभर खोल जा आणि मातीचा गड्डा अख्खा उचला. बादलीत अर्धा तास भिजू द्या. सुटली नाही ती माती मगातल्या बारीक धारेने काढा. नळाखाली धरू नका, तंतू तुटतात. मग पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घेऊन रोप आडवं ठेवा. पाण्यात मुळं सुटी होतात, कोरड्या कागदावर एकमेकांना चिकटतात. टाकळ्याचं एकच जाड मूळ निमुळतं होत खाली गेलेलं आणि त्याला बाजूने फाटे. गवताच्या बुडातून मात्र सारख्या जाडीचा झुबका.

शेंगा येणाऱ्या बऱ्याच झाडांच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी असतात. टाकळ्यालाही शेंगा येतात म्हणून मुलं त्याच्या मुळांवर गाठी शोधतात. त्याला त्या येत नाहीत. गाठी हव्यात तर चवळी किंवा मूग पेरा आणि पाच-सहा आठवड्यांनी याच पद्धतीने काढा. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली तर हवेतला नत्र बांधायचं काम चालू आहे. हिरवट किंवा मातकट असेल तर ते थांबलं आहे.

मुळाचं टोक एवढं का जपायचं, हे शाईने दिसतं. हा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चवळीचे आठ-दहा दाणे रात्रभर भिजवा आणि ओल्या टिपकागदात मोड आणा. मूळ २ सेंमी झालं की हलक्या हाताने टिपून घ्या. पक्क्या शाईत बुडवलेल्या दोऱ्याने टोकापासून दर २ मिमीवर रेघ उमटवा. ओल्या कागदावर ठेवून भांडं झाका आणि दुसऱ्या दिवशी पाहा. वरच्या रेघा जिथल्या तिथे असतात, टोकाजवळच्या तेवढ्या लांब लांब गेलेल्या दिसतात. मूलटोपीच्या, म्हणजे टोकावरच्या संरक्षक टोपीच्या, मागच्या काही मिलिमीटरमध्येच मूळ लांब होतं आणि पाणी शोषणारे मूलरोम त्याच्या लगेच मागे असतात. रोप उपटून दुसरीकडे लावलं की दुपारी मान टाकतं ते त्यामुळेच. शाई पातळ असेल तर फुटते. कागद पाण्यात बुडाला तर हवा मिळत नाही, मूळ तपकिरी पडून वास मारतं.

वृक्षारोपणात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. आंबा, जांभूळ यांचं सोटमूळ लहान पिशवीत फार दिवस राहिलं की तळाशी वेटोळं घालतं. लावताना पिशवी कापून पूर्ण काढा, वेटोळं हळूच सरळ करा. सरळ होत नसेल तर तेवढाच भाग धारदार कात्रीने कापा. तसंच पुरलं तर झाड काही वर्षं वाढतं, पण बुडाला पकड नसते आणि वादळात कलतं.

रताळं हे फुगलेलं मूळ, बटाटा मात्र खोड, कारण त्याला डोळे असतात. वडाच्या पारंब्या आणि मक्याच्या खालच्या पेरांतून निघणारी मुळं खोडाफांद्यांतून येतात, म्हणून ती आगंतुक.

आणि खाडी. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण इतर ठिकाणच्या मुलांना चित्रातच दिसणारी श्वसनमुळं आपल्याला तासाभरात पाहता येतात, याची मला जास्त अपूर्वाई आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ओहोटीची वेळ साधून जा. तिवर या खारफुटीच्या झाडाची आडवी मुळं चिखलात उथळ पसरतात आणि त्यांच्यातून पेन्सिलीएवढ्या काड्या वर येतात. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. या काड्यांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत जाते आणि आतल्या पोकळ उतीतून खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. भरावाची माती किंवा प्लॅस्टिकचा थर त्यांच्यावर बसला की पानं हिरवी असतानाच झाड खालून घुसमटायला लागतं. दुर्बीण सोबत घ्या, एका चौरस मीटरमध्ये किती काड्या आहेत ते लाकडी वाटेवरूनच मोजा. चिखलात उतरू नका, पायाखाली त्या काड्या मोडतात.