चष्मा घालवायला कोणता लेझर चांगला?

"मॅडम, यातला सगळ्यात भारी लेझर कोणता?" डोळे तपासणं हेच माझं काम असल्यामुळे हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जाहिरातींत नावं ढीगभर असतात; नंबर घालवायला वापरतात ते लेझर मात्र मुख्यतः दोनच. एक्सायमर हा १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण. तो कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जाळत नाही, रेणूंमधले बंध तोडून मायक्रॉनहूनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ थर उडवतो. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत आपल्याकडून गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही किमया पाहिली, तीही थँक्सगिव्हिंग या सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्यावर! मला याचं अजूनही अप्रूप वाटतं. दुसरा फेम्टोसेकंद. हा अवरक्त किरण वरच्या थराला धक्का न लावता आत हव्या त्या खोलीवर बारीक बुडबुडे उठवत कापत जातो.

या लेझरनी नंबर घालवायच्या मुख्य पद्धती तीन: पीआरके, लॅसिक आणि स्माइल. पीआरकेमध्ये कॉर्नियावरची साय, म्हणजे सगळ्यात वरचा पातळ थर, काढून थेट एक्सायमर मारतात. तीन-चार दिवस डोळे चांगलेच दुखतात आणि नजर सावकाश स्थिरावते. लॅसिकमध्ये आधी पातळ फ्लॅप, म्हणजे झाकणासारखा पापुद्रा, उचलतात, तोही आता बहुधा फेम्टोनेच, आणि एक्सायमर त्याच्याखाली चालतो. दुसऱ्या दिवशीच स्वच्छ दिसायला लागतं. स्माइलमध्ये एक्सायमर लागतच नाही. फेम्टोने आतल्या आत कापलेली चकती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून काढून घेतात.

आता खरा हिशेब. समजा, कॉर्निया ४७० मायक्रॉनचा आणि नंबर उणे सहा. एका नंबरामागे साधारण १५ मायक्रॉन, म्हणजे ९० गेले. लॅसिकचा फ्लॅप ११० चा धरला तर खाली २७० उरतात. कॉर्निया कमकुवत होऊ नये म्हणून किमान २५० लागतातच, पण बरेच सर्जन ३०० च्या खाली उतरायला राजी नसतात. पीआरकेत वरच्या सायीचे ५० आणि हे ९० वजा करूनही ३३० हाती राहतात. म्हणून जुनी, दुखरी, स्वस्तातली म्हणून ज्या पीआरकेला लोक नाक मुरडतात, तीच कित्येकदा सुरक्षित ठरते. कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्यालाही मी लॅसिकपेक्षा तीच सुचवते, कारण मार लागला तर फ्लॅप सरकण्याची भीती उरत नाही.

हेही कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे त्याचे चढउतार रंगांत दाखवणारी तपासणी, निर्दोष असेल तरच. खालच्या बाजूला तांबडा उंचवटा दिसला आणि केराटोकोनसचा (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) संशय आला, तर यातलं काहीच करू नका, कितीही सवलत मिळो. पॅकेजचा भाव विचारण्याआधी नकाशाची प्रत मागा. सॉफ्ट लेन्स लावत असाल तर त्या निदान आठवडाभर आधी बंद करून तपासणीला या, नाहीतर नकाशाच चुकीचा येतो.