एकच रस्ता, दिवसभर: भिंती, सावल्या आणि डबकी

या वेळची भटकंती मुद्दाम छोटी आखली होती. शहराच्या जुन्या भागातला एकच रस्ता, आणि हाताशी सूर्योदयापासून दिवे लागेपर्यंतचा वेळ. इमारती, माणसं, वाहनं काहीच टिपायचं नव्हतं. हवे होते फक्त आकार, रंग आणि पोत. वस्तू कोणती हे कळायच्या आधी नजर जिथे अडकते, असे फोटो.

सकाळी उन्हाची तिरीप भिंतीला घासून जाते, त्या वेळेला पर्याय नाही. पोपडे सुटलेल्या एका भिंतीपाशी मी बराच वेळ थांबलो. वरचा निळा रंग उचकटलेला, खाली पिवळा, त्याच्याही खाली चुना. प्रत्येक पोपड्याची बारीक सावली शेजारच्या रंगावर पडलेली, आणि एका खिळ्यापासून गंजाचा तपकिरी ओघळ थेट खालपर्यंत आलेला. ऊन वर चढलं तशा त्या सावल्या आटल्या आणि भिंत सपाट दिसू लागली. तिथे जायचं तर ऊन तिरपं असतानाच गाठा.

१९४०च्या दशकात ॲरन सिस्किंड या अमेरिकी छायाचित्रकाराने सोललेले रंग आणि फाटकी पोस्टर्स अशीच जवळून टिपायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांमध्ये त्याची ऊठबस होती. त्याचे फोटो पाहिले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते: चौकटीत दार नाही, खिडकी नाही, जमिनीची रेषा नाही. मोजमापाचा अंदाज देणारं काही उरलं नाही की भिंतीचा हातभर तुकडा नकाशाएवढा वाटायला लागतो. म्हणून आधी फ्रेममधून काय काढायचं ते बघा. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, एफ/८ किंवा एफ/११ ठेवा, म्हणजे कडेपर्यंत सगळं रेखीव येतं.

भर दुपार बहुतेकजण सोडून देतात. माझ्या मते तीच वेळ सावल्यांची. पॉल स्ट्रँड या अमेरिकी छायाचित्रकाराने १९१६ मध्ये व्हरांड्यातल्या कठड्याच्या सावल्या टिपल्या आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतून अमूर्त चित्र उभं केलं. मला लोखंडी जिन्याची सावली सापडली, पायऱ्यापायऱ्यांवर मोडत उतरणारी. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे एकवर नेलं की सावली गडद काळी होते आणि आकार सुटा होतो. मोबाइलवर उजेडाच्या भागावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होतं, मग ते खाली ओढा.

तिसऱ्या प्रहरी सर येऊन गेली आणि रस्ताच पालटला. ओली भिंत जास्त गडद दिसते, रंग खुलतात. डबक्यांसाठी कॅमेरा जमिनीलगत न्यायचा आणि फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर न धरता प्रतिबिंबावर धरायचा. प्रतिबिंबातली इमारत लेन्सच्या लेखी तिच्या खऱ्या अंतराइतकीच लांब असते, म्हणून डबक्याची कड धूसर होते. कडही हवी असेल तर ॲपर्चर आणखी बारीक करा. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिरता फिल्टर, असेल तर सावकाश फिरवून बघा. पाणी, काच, ओला रंग यांवरची चकाकी त्याने कमी होते, मात्र उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि प्रतिबिंबच हवं असेल तर तो काढूनच ठेवा.

दिवे लागल्यावर शटर १/८ सेकंद उघडं ठेवून कॅमेरा उभ्या रेषेत सरकवत काही फोटो काढले. यात बरेच फोटो वाया जातात, तरी एखादा हाती लागतो.

सामानाचं म्हणाल तर ५० मिमीची एक लेन्स पुरते. टेलिफोटो असेल तर उंचावरचे तुकडे वेचता येतात. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकू नका. आधी मागे वळून रस्ता बघा, मग पाऊल टाका. भिंत कुणाच्या घराची असेल तर दोन शब्द बोलून परवानगी घ्या. मला तर एका घरातल्यांनी मागची जास्त चांगली भिंत दाखवली.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. निरभ्र दिवशी सावलीतल्या भिंतींवर आकाशाची निळी झाक येते. ती ठेवायची की घालवायची हे घरी निवांत ठरवता येतं. निवड करताना फोटो आधी नखाएवढा छोटा करून बघा आणि मग उलटा करून. दोन्ही वेळा आकार टिकला, तरच तो ठेवा.