एमसीव्ही ८४, नॉर्मल

तासगाव तालुक्यातल्या एका वहिनींची फाइल गेल्या वर्षी माझ्या हातात आली, ती अजून डोक्यातून गेलेली नाही. दीड वर्षाचे रिपोर्ट, वेगवेगळ्या लॅबचे, तारखेप्रमाणे नीट लावलेले. हिमोग्लोबिन ८.९, मग ९.२, मग ८.७. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंद असला की चढणारा आकडा, ९, १३, १६. थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ झाली, १०० झाली, १२५ झाली. रक्तवाढीची गोळी तीनदा बदलली. डोस चढतोय, आकडे सुधारत नाहीत, आणि दर भेटीत प्रश्न वहिनींनाच: गोळ्या वेळेवर घेता ना? त्या घेत होत्या. एक दिवस न चुकवता घेत होत्या.

मी सांगलीतल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्त काढणं, मशीन चालवणं, स्लाइड रंगवणं हे माझं काम. रिपोर्ट तपासून सही करतात त्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम. बाहेरच्यांना आमचं काम म्हणजे सुई आणि मशीन वाटतं. पण दंडाला पट्टा बांधून शीर चाचपेपर्यंत जो थोडा वेळ जातो, त्यात माणसं बोलतात. डॉक्टरांसमोर जे आठवत नाही ते तिथे आठवतं. म्हणून थायरॉइडच्या तपासणीला आलेल्या प्रत्येकाला मी गोळीचं विचारतेच. रक्त देण्याआधी त्या दिवशीची गोळी घेऊ नये हे सांगितलेलं असतं, तरी निम्मे लोक घेऊन येतात.

"वहिनी, थायरॉइडची गोळी आज घेतली का?"

"घेतली की. पहाटं पाचला, चहासंगं."

"तेवढीच?"

"न्हाय, रक्ताची बी. दोन्ही सकाळच्याच हायत न्हवं ताई? येकदमच गिळते, म्हंजे शेडवर जायच्या गडबडीत ऱ्हात न्हाय."

शेड म्हणजे बेदाण्याचं. त्या बेदाणा निवडायला जात होत्या.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, आणि लोह आतड्यात एकत्र आले की लोह थायरॉक्सिनला बांधून ठेवतं आणि औषधाचा बराच भाग रक्तात पोचतच नाही. कॅल्शियमचंही तेच. म्हणून थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता काही नाही, आणि लोह किंवा कॅल्शियम किमान चार तासांनी. चहा तर दोन्हीकडून मारतो: थायरॉक्सिनचं शोषण घटवतो आणि चहातल्या टॅनिनमुळे लोहही कमी शोषलं जातं. हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. फिजिशियनने थायरॉइडच्या गोळीपुढे १-०-० लिहिलं होतं. पाळी जास्त जाते म्हणून दाखवलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी लोहापुढे १-०-० लिहिलं होतं. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि मेडिकलवाल्याने दोन्ही पाकिटांवर पेनने 'सकाळी १' असं लिहून दिलं होतं. त्या बाईंनी तिघांचंही तंतोतंत ऐकलं. 'पेशंट ऐकत नाहीत' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते, की अशा वेळी फार राग येतो.

सुई काढून कापूस दाबताना त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तिखट खाल्लं की जीभ चरचरते. आणि तळपायाला मुंग्या येतात. परवा चालता चालता एका पायातली चप्पल मागे राहिली ते चार पावलं पुढे गेल्यावर कळलं. त्यांना सांगितलं गेलं होतं की हे थायरॉइडमुळेच. थायरॉइडमुळे मुंग्या येतात हे खरंच आहे. पण चप्पल निसटल्याचं कळू नये, हे माझ्या मनात अडकून राहिलं. मी ते मागणीपत्रावर पेन्सिलीने लिहून ठेवलं.

चिठ्ठीत टीएसएच आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, एवढंच होतं. मशीनने सीबीसी दिला: हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही ८४, आरडीडब्ल्यू २४.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ८० ते १०० नॉर्मल. लोह कमी असलं की पेशी लहान होतात आणि आकडा ८० च्या खाली जातो. बी१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात आणि तो १०० च्या वर जातो. हिमोग्लोबिन ८.६ असून एमसीव्ही ८४ दिसला की घाईत बघणारा म्हणतो, पेशींचा आकार ठीक आहे. आरडीडब्ल्यू मात्र सांगतो की पेशींच्या आकारात आपसात फरक किती आहे. तो साधारण साडेचौदाच्या आत असावा. २४ म्हणजे ती सरासरी फसवी आहे. अशा वेळी स्लाइड केल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही, हा आमच्या मॅडमचा नियम आहे.

स्लाइड ही माझ्या आवडीची गोष्ट. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतलं रक्त ताजं हवं; तासन् तास पडून राहिलं की पेशी वेड्यावाकड्या होतात आणि नसलेला आजार दिसायला लागतो. छोटासा थेंब, दुसरी काच तिरकी धरून एका दमात, न थांबता ओढायची. ओढ जिभेच्या आकाराची यायला हवी, शेवट विरत गेलेला. मग लिशमन रंग दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर (पीएच कायम राखणारं पाणी), आणि सात-आठ मिनिटं वाट. इथे बोअरच्या पाण्याने धुण्याचा मोह पुष्कळांना होतो. आमच्याकडचं पाणी जड आहे, त्याने सगळी स्लाइड निळसर पडते आणि केंद्रकाचे बारकावे जातात. ६.८ पीएचचं बफर घातलेलं डिस्टिल्ड पाणीच हवं. त्या बाटलीच्या खर्चावरून लॅबमध्ये कुरकुर होते, पण ती मी आजवर बंद होऊ दिलेली नाही.

पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या पट्ट्यात मी स्लाइड लावली. पेशी लहान की मोठी हे ठरवायला आमच्याकडे एक मोजपट्टी असते, लहान लिम्फोसाइटचं, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीचं, केंद्रक. निरोगी तांबडी पेशी साधारण तेवढीच भरते. त्या काचेवर दोन वेगळी रक्तं मिसळल्यासारखं दिसत होतं. एकीकडे लहान, फिक्या, मधे जवळजवळ पोकळ दिसणाऱ्या पेशी, काही पेन्सिलीसारख्या लांबट. त्यांच्याच शेजारी मोठ्या, अंडाकृती, गच्च भरलेल्या पेशी. मग न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) शोधले. त्यांच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार खंड असतात, फार तर पाच. इथे सहा खंडांचे सापडले, एक सातचा सापडला. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बघितलं, आणि पेन्सिलीने लिहिलेली चप्पलेची ओळ वाचली. "लोह आणि बी१२, दोन्ही," म्हणाल्या.

त्यांनी लगेच वहिनींच्या डॉक्टरांना फोन लावला आणि उरलेल्या सीरमवर दोन तपासण्या वाढवून घेतल्या. फेरिटिन ६, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपल्यातच जमा. बी१२ ११० पिकोग्रॅम. आमच्या मशीनवर २०० च्या खाली कमी धरतात. टीएसएच १८.४.

वहिनी रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा मॅडमनीच समोर बसवून समजावलं. सरासरीचं काही त्यांना उमगेना. तेव्हा मॅडम म्हणाल्या, एका पोत्यात निम्मा बारीक बेदाणा आणि निम्मा जाड बेदाणा मिसळला आणि सरासरी काढली तर माल मध्यम भरेल, पण तुम्ही हात घातला की तुम्हाला काय कळेल? वहिनी लगेच म्हणाल्या, "कळंल की, मिसळलेला माल हाय." त्यांना एका वाक्यात कळलं ते दीड वर्षात कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "आमी तर मटण-मासं खातो. बी१२ आमचं कसं कमी हुईल?" आमच्या भागात बी१२ म्हटलं की माळकरी घर, शाकाहार, एवढंच डोळ्यांपुढे येतं. मांसाहारी माणसाचं बी१२ कुणी तपासत नाही. पण मोठ्या माणसांत थायरॉइड मंद पडण्याचं एक मुख्य कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये हा आजार प्रथम नोंदवला, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. अशा काही रुग्णांत तीच प्रतिकारशक्ती जठराच्या आतल्या पेशींवरही उलटते. त्या पेशी दोन कामं करतात: आम्ल तयार करतात, आणि बी१२ आतड्यात शोषलं जाण्यासाठी लागणारं एक प्रथिन तयार करतात. त्या झिजल्या की मटण कितीही खा, बी१२ आत जात नाही. आम्ल कमी पडलं की लोहही नीट शोषलं जात नाही, आणि थायरॉक्सिनसुद्धा. वहिनींच्या सगळ्या आकड्यांचा धागा असा एका जठरात जात होता. त्यात भर म्हणजे थायरॉइड मंद असला की पाळीत रक्तस्राव वाढतो, लोह आणखी जातं. आणि थायरॉइडचं संप्रेरक ज्या एन्झाइमने बनतं, त्यालाही लोह लागतंच.

मिरजेत त्यांची दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा तपासला, जठराचं अस्तर झिजलेलं निघालं. बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, लोह सलाइनमधून दिलं. थायरॉइडची गोळी तीच, १२५ ची, पण पहाटे पाण्याबरोबर, आणि चहा तासाने. आठवड्याने त्यांचं रक्त पुन्हा माझ्याकडे आलं, तेव्हा रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी, भरपूर वाढल्या होत्या. काचेवर त्या निळसर झाक घेऊन दिसतात. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४, टीएसएच ६.१. डोस न वाढवता.

मुंग्या कमी झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. उजव्या तळव्याला अजून नीट कळत नाही, म्हणतात. नसांना सुधारायला महिने लागतात आणि उशीर झाला असेल तर काही इजा राहूनही जाते. माझं मन इथेच अडतं. कारण त्या जुन्या फाइलीत प्रत्येक सीबीसीवर आरडीडब्ल्यू १९, २१, २२ असा छापलेला आहे, शेजारी मशीनने स्वतः टाकलेली चांदणी आहे, आणि खाली शेऱ्याची जागा कोरी. एकाही लॅबने स्लाइड केलेली दिसत नाही. त्यात रक्तवाढीच्या बहुतेक गोळ्यांत फॉलिक ॲसिड असतं. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड मिळत राहिलं तर रक्तातली खूण थोडी झाकली जाते, नसांची इजा मात्र चालूच राहते. म्हणजे ती गोळी दीड वर्ष घेण्यात नुकसानही होतं.

हल्ली पॅकेजची चढाओढ आहे. साठ तपासण्या एवढ्या-तेवढ्या पैशांत, घरी येऊन रक्त नेणार, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट. त्या साठांत व्हिटॅमिन डी असतं, बी१२ असतं, पण काचेवरून बघणारा डोळा नसतो. आणि आकडा लाल आला की लोक स्वतःच औषध आणतात. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडे घ्यायची असते; वर्षभर घेत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, कॅल्शियम चढल्यावर मळमळत आमच्याकडे आलेली. केस गळतात म्हणून पार्लरवाली सांगते त्या गोळ्यांत बायोटिन असतं. काही मशीनांच्या पद्धतीत रक्तातल्या जास्तीच्या बायोटिनने टीएसएच खोटा कमी दिसतो, आणि थायरॉइड मंद असलेल्या बाईची गोळी उगाच कमी केली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. आमच्याकडे अजून कित्येक ठिकाणी रक्त घेताना हा प्रश्न विचारलाच जात नाही.

त्या केसनंतर मी मागणीपत्राच्या मागे प्रश्न छापून घेतले: थायरॉइडची गोळी कशाबरोबर घेता, लोह-कॅल्शियम किती वाजता, पित्ताची गोळी रोज घेता का, केसांसाठी काही घेता का, हातापायाला मुंग्या येतात का. एका डॉक्टरांचा फोन आला. तंत्रज्ञांनी पेशंटच्या औषधांत लक्ष घालू नये, म्हणाले. मॅडम त्यांना म्हणाल्या, ती औषध बदलत नाही, विचारून लिहून ठेवते, आणि ते तुम्हाला रिपोर्टबरोबर मिळतं. मला ते पटतं. रिपोर्टचा अर्थ पेशंटला सांगणं माझं काम नाही, हे मी पाळते. पण विचारणं माझं काम नाही, हे मी मान्य करणार नाही. दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांकडे होत्या. चहा, दोन गोळ्या आणि चप्पल एकत्र ऐकायला मिळाली ती रक्त काढताना.

वहिनींची धाकटी बहीण मागच्या महिन्यात आली. तिलाही थायरॉइड आहे, गोळी ७५ ची. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू १७. चिठ्ठीत फक्त टीएसएच आणि सीबीसी होतं. स्लाइड केली, मॅडमनी फोन केला, फेरिटिन आणि बी१२ लावून घेतलं. बी१२ १८० आलं आहे, आणि तिच्या पायाला अजून मुंग्या नाहीत.